घरंदाज बायकांचं नाटक

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडं आहे, त्याबद्दल माफी. पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

रोह्याला हळदीकुंकवाचं नाटक होतं, भर दुपारी. पहिली घंटा झाली आणि डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या, "तुम्ही विंगेतच बसा हं. समोर सगळ्या घरंदाज बायका आहेत."

ते नाटक आईनेच बसवलं होतं. त्यासाठी आम्ही पेणहून एस्टीने जात होतो. डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याने, रोह्याच्या डॉक्टरांनी, आईच्या डोळ्यांतले मोतीबिंदू काढले होते, पैसे सवडीने द्या म्हणाले होते. म्हणून डॉक्टरीणबाईंनी बोलावलं की जायचं, असं ठरूनच गेलं. फुकट.

आई धरमतरच्या खाडीकाठची, मिठागरावरची. पुरुष लुगडी नेसून बाईचं काम करायचे, त्या काळात ती नाटक कंपनीत गेली. मग मुक्या सिनेमात. तिथे चेहरा चालला. बोलपट आले आणि मालक सगळ्यांसमोर म्हणाला, "हिने तोंड उघडलं की मिठागर ऐकू येतं." मग ती पडद्यावर नायिकेची मोलकरीण झाली. पुढे तेही संपलं. मला पोटाशी घेऊन ती पेणला आली. लग्न झालेलं नव्हतं.

मी चौथीत असताना मास्तरांनी भर वर्गात विचारलं, "बाप कुठला गो तुझा? नाटकातला की सिनेमातला?" सगळा वर्ग हसला. मी मान खाली घालून बसले. परत शाळेत गेले नाही. तेव्हापासून चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. त्या मास्तरांचा अजून राग येतो. त्याहून माझा येतो.

रोह्याला त्या दुपारी नाटक रंगलं. शेवटी आभार. मंडपवाल्याला नारळ, चहावाल्याला नारळ. दिग्दर्शन म्हणून डॉक्टरीणबाईंनी स्वतःचं नाव घेतलं. हळदीकुंकवाचं तबक विंगेपर्यंत आलं आणि आईला वळसा घालून गेलं. मग माइकवरून हाक आली, "आमच्याकडे एक जुनी सिनेमावाली आहे. या हो बाई, एखादा ठुमका दाखवा!"

बायका खिदळल्या. आई उठली. ऐंशीच्या घरातली बाई. तिने पदर खोचला.

मी तिचा हात धरला. आवाज कसा फुटला माहीत नाही.

"ती शिकवाया आलेली. नाचाया नाय."

डॉक्टरीणबाईंनी माइक बाजूला केला. "डोळे कुणी दिले गो तिला?"

"पैसे देईन. सगळे देईन. आई, चल."

एस्टीत आई खिडकीकडे तोंड करून बसली. वडखळ आलं. मग म्हणाली, "करू द्यायचं व्हतंस गो. किती वर्सांनी कुणी बघत व्हतं."

"बघत नव्हत्या, आई. हसत व्हत्या."

"हसू दे. हसाया तरी बघावंच लागतं ना."

मी रडले नाही. चीड आली. तिचीसुद्धा. कुणीतरी बघावं म्हणून ती इतकी वर्षं उपाशी राहिली होती, की आता तिला हसणंही चालत होतं. तिला असं कुणी करून ठेवलं?

मी पापड लाटले. दुसऱ्यांच्या घरी, दुसऱ्यांच्या पोळपाटावर. हाती पडेल ते रोह्याला पोचवत राहिले. शेवटचे पैसे द्यायला गेले, तेव्हा डॉक्टरीणबाई दारातच म्हणाल्या, "बरं झालं आलीस. पुढच्या हळदीकुंकवाला नवं नाटक बसवायचंय. आईला घेऊन ये."

मी पैशांचं पुडकं त्यांच्या हातात दिलं.

"दिग्दर्शक म्हणून तिचं नाव छापा. आधी छापा. आन् विचाराया तुम्ही पेणला यायचं, तिच्या दारात. नुसत्या हाकेवर मी तिला आता कुठं आणणार नाय."

"फार बोलायला लागलीस गो!"

"व्हय," मी म्हटलं. "पैसे मोजून घ्या. सगळे हायत."