साडेपाच ते साडेसहा मशीन बंद

टेलरमावशी पोटच्या पोरीला उपाशी ठेवते, ही बातमी गल्लीत पहिल्यांदा फोडली इस्त्रीवाल्या काकूंनी. काकू कुणाबद्दल वाईट बोलत नाहीत. "मी काही बोलत नाही हं," एवढंच म्हणतात, इस्त्री उभी करून ठेवतात, आणि मग कॉलरपासून कफापर्यंत सगळं बोलून घेतात. "मी काही बोलत नाही हं, पण बाईनं कपाटाला कुलूप घातलंय. किल्ली गळ्यात! आणि पोरगी कपाटासमोर बसून हुंदके देतेय. या डोळ्यांनी पाहिलं. लेकराच्या खाण्यावर कुलूप, सांगा आता!"

संध्याकाळपर्यंत एका कुलपाची दोन कुलपं झाली. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला कळलं की फ्रिजलासुद्धा साखळी आहे.

आता खरं काय ते. कुलूप होतं. किल्ली गळ्यात होती, कारण ती मोजायच्या टेपच्या टोकाला बांधलेली होती आणि टेप मावशीच्या गळ्यातून फक्त आंघोळीला उतरते. पण कपाटात खाण्याचा कणही नव्हता. गिऱ्हाइकांचे शिवून तयार झालेले कपडे होते. मागे एकदा कुणीतरी दुसऱ्याचीच पँट आपली म्हणून उचलून नेली, तेव्हापासूनचं ते कुलूप. पोरगी रडत होती हेही खरं, पण भुकेनं नाही. शाळेच्या समूहगीतात तिला मागच्या रांगेत ढकललं होतं. "तू पुढे उभी राहिलीस तर आम्ही दिसणार कुठून?" असं एका शहाणीनं सगळ्यांसमोर विचारलं होतं. दुकानात रडायला कोपरा एकच, तो कपाटासमोरचा.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी पायमशीन, मधे कापायचं टेबल, मागे पडदा, पडद्यामागे संसार. मावशी एकोणीस वर्षं त्या मशीनवर बसते आहे. उठताना आधी टेबल धरते, मग गुडघा, मग "आई गं" म्हणते, मग उठते. या क्रमात कधी बदल होत नाही. काका बस चालवतात. ते बसून दमतात आणि मावशीही बसून दमते, त्यामुळे कोण जास्त दमलं यावर त्या घरात रोज एकदा तरी सुनावणी होते.

पोरीला घरात चिमणी म्हणतात. शाळेत ढोली म्हणतात. दोन्ही नावं एकाच मुलीची आहेत यावर नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही. पण जन्मली तेव्हा ती खरंच चिमणी होती. दोन महिने आधी आली, वजन पावणेदोन किलोही नाही. तेव्हाच्या डॉक्टरांनी मावशीला दोनच शब्द सांगितले होते: वजन वाढवा. मावशी आज्ञाधारक बाई. तिनं नऊ वर्षं वजन वाढवलं. शेजारणी "काय गुटगुटीत आहे हो!" म्हणायच्या तेव्हा तिला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटायचं.

नऊ वर्षांनी शाळेतल्या तपासणीनंतर एक चिठ्ठी आली आणि त्या चिठ्ठीमुळे मावशी चिमणीला घेऊन नव्या डॉक्टरांकडे गेली. या डॉक्टरबाईंना दर वाक्याला आपल्याकडून होकार लागतो.

"बेचाळीस किलो. या उंचीला हे जास्त आहे, हो की नाही? रक्तदाबही वर सरकलाय. आत्ताच घाबरायचं नाही, पण दुर्लक्षही करायचं नाही, हो की नाही? उपाशी मुळीच ठेवायचं नाही. वजन उतरवायच्या मागे लागायचं नाही. आहे तिथं धरून ठेवायचं. उंची वाढत जाईल आणि अंग आपोआप जुळवून घेईल. घरात सगळ्यांनी एकच जेवण जेवायचं. गोड पेयं बंद. रोज तासभर घाम येईल असं खेळणं. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. तेव्हाही दाब वरच असला तर मग तपासण्या, औषधं, सगळं मागे लागेल."

मावशी प्रत्येक वेळी "हो" म्हणाली. मग डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, "कपडे घट्ट व्हायला लागले तेव्हा लक्षात नाही आलं?"

"घट्ट झालेच नाहीत कधी," मावशी म्हणाली. आणि म्हटल्यावर तिचं तोंड उघडंच राहिलं.

घट्ट होणार कसे? महिन्या-दोन महिन्यांनी चिमणी म्हणायची, "आई, इथं टोचतंय." मावशी चहा उकळेपर्यंत स्कर्टची बाजूची शिवण उसवायची, आत सोडलेल्या मायेतलं अर्धा इंच कापड बाहेर घ्यायची, नवी शिवण मारायची. चहा गाळायच्या आत स्कर्ट तयार. माया संपली तेव्हा त्याच कापडाची पट्टी जोडली, तीही अशी की शोधून सापडू नये. दुसऱ्या कुठल्याही घरात चेन फाटली असती, हुक तुटला असता, आई दचकली असती. इथं मावशीच्या हाताची सफाई नडली. घरी आल्यावर तिनं तो स्कर्ट उलटा करून पट्ट्या मोजल्या. दोन्ही बाजूंना दोन-दोन. चारही आपल्याच हातच्या, आणि एकही लावल्याचं नीट आठवेना. कारण लावताना डोक्यात दुसऱ्याच कुणाचं तरी माप होतं.

काकांनी सगळं ऐकून नेहमीचं उत्तर दिलं. "बघू की. अगं, वाढतं अंग आहे. आमच्या घराण्यात सगळे अंगानं भरलेलेच."

"तुमच्या घराण्यानं जमीन ठेवली नाही, जुमला ठेवला नाही, पोट तेवढं ठेवलं," मावशी म्हणाली. "उद्यापासून ती कोल्ड्रिंकची गार बाटली घरात आणायची नाही. प्यायचीच असेल तर डेपोत पिऊन या."

"डेपोत एकटा काय पिऊ? डेपोत चहाच बरा."

"मग चहा प्या."

म्हणजे बाटली बंद झाली. बिस्किटांचा डबा बंद झाला. ताटात भाजी वाढली, भात कमी झाला, सगळ्यांचाच. काका पहिले आठ दिवस ताटाकडे असे बघायचे, जणू बसमध्ये एकही प्रवासी चढलेला नाही. चिमणी मात्र कुरकुर न करता जेवायची. मावशीला वाटलं, जमतंय. दोन महिन्यांनी औषधाच्या दुकानातल्या काट्यावर तिला उभं केलं तर आकडा आला त्रेचाळीस.

ते दिवस शाळा उघडण्याआधीचे होते. टेलरच्या धंद्यात हे पंचवीस दिवस म्हणजे वर्षाची भाकरी आणि वर्षाची पाठदुखी. दुकानात गणवेशांचे ढीग, दारात आया. "ताई, परवा शाळा आहे हो." "ताई, आमचं एकच आहे, मधे घाला ना." प्रत्येकीचं एकच असतं आणि प्रत्येकीला मधे घालून घ्यायचं असतं. मावशीचे पाय मशीनच्या पायट्यावर आणि डोळे सुईवर. त्रेचाळीसचा आकडा मानेवर बसलेला. एका दुपारी तिला ठिगळाला निळं कापड हवं होतं म्हणून तिनं चिंध्यांची पिशवी उलटी केली. निळ्या तुकड्यांबरोबर बिस्किटांच्या पुड्यांचे कागद पडले. सात. चारही कडा दुमडून, नीट घड्या घातलेले. टेलरच्या पोरीनं लपवलेले कागदसुद्धा टेलरच्या पोरीसारखेच.

मावशीचा हात उठला होता, असं तीच सांगते. पण उठलेला हात इतका दुखत होता की तिनं तो परत मांडीवर ठेवला.

"कुणी दिले?"

"इस्त्रीवाल्या काकूंनी. दूधवाल्या दादांनी. त्या वरच्या आजींनी."

"तू मागितलेस?"

"नाही. ते खिडकीतून देतात. म्हणतात, खा बिचारे, आईला सांगू नकोस."

म्हणजे गल्लीनं स्वतःच बातमी उठवली होती आणि स्वतःच मदतकार्य सुरू केलं होतं. मावशीला हसू आलं, पण ते बाहेर पडायच्या आधीच दमलं.

"आणि तू खाल्लीस. भूक लागली होती? जेवण पुरत नाही तुला? खरं सांग, मी रागावत नाही."

चिमणीनं बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडली. "जेवल्यावर नाही लागत. मशीन सुरू झालं की लागते."

"म्हणजे?"

"तुझं मशीन खडखड करायला लागलं ना, की मला आपोआप लागते. मग बंद झालं की जाते."

मावशीला टेबलाखालची ती जागा दिसत होती. चिमणी रांगायला लागली तेव्हापासून, घाईचं काम आलं की तिला तिथं बसवायची आणि हातात पुडा द्यायची. पुडा संपेपर्यंत एक ब्लाउज होतो. दोन पुड्यांत पँट. मुलीला कडेवर घेऊन शिवण मारता येत नाही, आणि शिवण मारल्याशिवाय भागत नाही. आठ-नऊ वर्षं हेच. आता मशीनची खडखड झाली की पोरीच्या पोटाला वाटतं आपलीच वेळ झाली.

आधी ती इस्त्रीच्या टपरीवर गेली. टेप गळ्यात, किल्ली टेपला.

"काकू, तुम्ही काही बोलत नाही, ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "आता काही देतही जाऊ नका."

काकूंनी इस्त्री उभी केली, तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा खरोखरच काही बोलल्या नाहीत.

मग मावशीनं गणवेशाच्या पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलं: साडेपाच ते साडेसहा मशीन बंद. पुठ्ठा खिडकीला टांगला. गिऱ्हाइकं येण्याची नेमकी तीच वेळ. "ऐन हंगामात? ताई, डोकं ठिकाणावर आहे ना?" एक बाई म्हणाली. "ताई, बंद म्हणजे मशीन बंद ना? माप तर घ्याल?" दुसरी म्हणाली. तिसरी पुठ्ठा वाचून, मान हलवून, खुशाल आत येऊन बसली. दोघींनी तर कापडं उचलून दुसऱ्या टेलरकडे नेली. मावशीनं त्यांना हाक मारली नाही. हाक मारायलाही ताकद लागते.

पहिल्या दिवशी मायलेकी एकमेकींकडे बघत बसल्या. मशीन बंद असताना काय करायचं हे दोघींना माहीत नव्हतं. मावशी खुर्चीत बसली आणि बसल्या जागी झोपली. चिमणीनं थोडा वेळ वाट बघितली. मग कमरपट्ट्याचं उरलेलं लांबलचक इलॅस्टिक काढलं, गाठ मारली, एक टोक मशीनच्या पायांना अडकवलं, दुसरं झोपलेल्या आईच्या घोट्यांना, आणि मधे उड्या मारायला लागली. मावशी उठली तेव्हा घोट्यांना इलॅस्टिक आणि समोर घामानं ओली पोरगी. "हलू नकोस," चिमणी म्हणाली, "माझा डाव चालू आहे."

चौथ्या दिवशी खेळ दारात गेला, कारण गल्लीतल्या दोन पोरी खिडकीतून बघत होत्या. खांब मात्र मावशीच राहिली. खुर्ची दारात, पाय जुळवलेले, डोळे अर्धे मिटलेले. इलॅस्टिक आधी घोट्याला, मग पोटरीला, मग गुडघ्याला चढायचं. लोक विचारायचे, मुलीसाठी काय काय करता हो? मावशी म्हणायची, "बसते."

बसायची खरी, पण तो तास काही फुकट मिळत नव्हता. तेवढं काम पहाटे उठून करायचं, चिमणी झोपेत असताना, दार लोटून, खडखड तिच्या कानावर जाऊ नये म्हणून. काका एकदा म्हणाले, "बघू की, मी भाजी चिरतो." त्यांनी चिरलेली भाजी शिजायला दुप्पट वेळ लागायची, कारण एकेक फोड बसच्या चाकाएवढी. पण त्यांनी चिरायचं सोडलं नाही. मधे पावणेत्रेचाळीस आलं, मग पुन्हा त्रेचाळीस, मग मावशीनं औषधाच्या दुकानात जायचंच सोडलं. एका रविवारी चिमणीनं पाहुण्यांसमोरचा अख्खा पुडा संपवला आणि "आज मशीन बंद होतं तरी खाल्ला," असं स्वतःहून येऊन सांगितलं. मावशी म्हणाली, "बरं." रागावायचं ठरवलं असतं तर रागावताही आलं असतं. पण सांगायला आलेल्या पोरीला परत पाठवायचं कसं?

सहा महिने भरले त्या दिवशी काकांची ड्युटी होती म्हणून दवाखान्यात मावशीबरोबर मी गेले. ती माझी सख्खी मावशी. बाकावर बसल्यावर मी चिमणीकडे बघितलं. गाल उतरल्यासारखे वाटत होते, पायांत चपळाई आली होती. मी म्हटलं, "मावशी, दोन किलो तरी उतरलेच असणार. पैज!"

"एक ग्रॅम उतरला नसेल," मावशी डोळे न उघडता म्हणाली.

"आणि उतरला असला तर?"

"तर तुला ड्रेस शिवून देईन, शिलाई न घेता. नसला तर चोवीस शर्टांना बटणं लावायची. हातानं."

नर्सनं आत बोलावलं. काटा, मग उंचीची पट्टी, मग दंडाला पट्टा. डॉक्टरबाई कागद बघत राहिल्या आणि मावशी त्यांच्या भुवया बघत राहिली. टेपचं टोक तिनं बोटाभोवती इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

"बेचाळीस किलो दोनशे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणजे होतं तिथंच, हो की नाही? उंची तीन सेंटिमीटरनं वाढली. आणि दाब खाली आलाय. औषधाची गरज नाही. छान केलंत. आता हेच अजून वर्षभर चालू ठेवायचं, हो की नाही?"

"वर्षभर," मावशी म्हणाली. तिनं टेप बोटावरून सोडली. मग टेबल धरलं, गुडघा धरला, "आई गं" म्हणाली आणि उठली. चिमणी तोवर बाहेर पायऱ्यांवर होती, एका पायावर, मोजत.

शर्टाला सात बटणं असतात हे पैज लावताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. चोवीस साती एकशे अडुसष्ट. पहिला शर्ट संपवून मी मावशीसमोर ठेवला. तिनं तिसरं बटण चिमटीत धरून ओढलं. ते तिच्या हातात आलं.

"हा चोविसांत धरणार नाही मी," ती म्हणाली. "पुन्हा लाव."