मेंदूची मोजणी

मला डॉक्टर करायचं म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला लातूरला क्लासला ठेवलं होतं. माझा नंबर काही लागला नाही. मी कॉम्प्युटर शिकले आणि फिरून फिरून शेवटी मेंदूवरच येऊन पोचले. आता नांदेडच्या दोन खोल्यांच्या घरात बसून मी मेंदूच्या पेशी निवडते. पेशी माझ्यासमोर कधीच येत नाहीत. कुणीतरी मरणोत्तर मेंदू दान केलेला असतो. दूरच्या प्रयोगशाळेत त्याच्या एकेका पेशीतले रेणू मोजतात आणि ते आकडे मला पाठवतात. सारखे रेणू असलेल्या पेशी एका गटात टाकायच्या, गटाला नाव द्यायचं आणि मेंदूच्या नकाशावर त्याची जागा दाखवायची. धान्य निवडण्यापेक्षा हे फार वेगळं आहे असा माझा दावा नाही.

हदगावकडच्या आमच्या गावात मात्र मी मेंदूची डॉक्टर आहे. आबांनीच तसं सांगून ठेवलंय. गावी गेले की लोक एमआरआयच्या फिल्मा घेऊन येतात. मला यातलं कळत नाही म्हटलं, तर म्हणतात, गडबड न्हाई, जेवून बघ.

आबांना पार्किन्सन झाला. गोळ्यांनी चालणं सुधारलं, पण उजवा हात ऐकेना. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात त्यांची रोजची बैठक असायची. तिथे कपातला चहा बशीत आणि बशीतला सदऱ्यावर जाऊ लागला. एकदा शेजारच्याने भल्या मनाने कप धरून त्यांना चहा पाजला. त्या दिवसापासून आबांनी हॉटेल सोडलं. चहाने पित्त होतं म्हणून सांगू लागले. जन्मात त्यांना पित्त झालेलं नाही. मला त्या भल्या माणसाचा अजून राग येतो.

तपासणीसाठी नांदेडला आले तेव्हा ते माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. पडद्यावर रंगीत ठिपके होते. नेमका त्या दिवसांत माझ्याकडे मेंदूच्या तळाजवळचा काळसर पट्टा आला होता. हालचाल सुरळीत ठेवणारा एक रेणू तिथल्या पेशी बनवतात आणि आबांच्या आजारात त्याच मरतात. मी हे सांगणार नव्हते. त्यांनी विचारलं, म्हणून दाखवलं. निरोगी माणसांच्या नकाशात इथे ठिपके दाट असतात, हा आजार असलेल्यांच्या नकाशात विरळ.

आबा खूष झाले. म्हणजे हात का हलतो ते सापडलंय तर. बराच वेळ ते त्या विरळ जागेकडे बघत राहिले. मग त्यांना आमचा बांध आठवला असावा. शेजाऱ्याने आमच्या शेतात नांगर घातला म्हणून आबांनी सरकारी मोजणी आणली होती. दगड रोवले गेले, सही-शिक्क्याचा नकाशा मिळाला. शेजारी आजही तिथे सोयाबीन पेरतो.

"मोजणी झाली म्हण की," आबा म्हणाले. "ताबा कधी?"

काहीतरी गोड सांगावं असं फार वाटलं. लोक सांगतातच. पण पडद्याकडे बघतच मी म्हणाले, "तुमच्या हयातीत बहुतेक नाही, आबा."

तहसीलमध्ये पुढची तारीख मिळाल्यावर हलवायचे तशी त्यांनी मान हलवली. टोपी घातली.

"चल माय, चहा पाज."

पित्ताचं काय, असं मी विचारलं नाही. आम्ही गल्लीच्या तोंडावरच्या टपरीवर गेलो. बाकावर दोघं-तिघं बसले होते. आबांनी मोठा ग्लास मागितला आणि त्यात अर्धाच चहा भरायला सांगितला. हात थरथरत होता. बाकावरचे आधी हाताकडे बघायला लागले, मग मुद्दाम रस्त्याकडे. एकजण मदतीला उठू लागला.

"बसा," आबा त्याला म्हणाले. "पोरगी मोजणी करून राहिली. ताब्याला टाइम हाय."

त्या माणसाला काही कळलं नाही, पण तो बसला. आबांनी चहा प्यायला. थोडा सदऱ्यावर सांडलाच. तो न पुसता त्यांनी रिकामा ग्लास पुढे केला.

"अजून अर्धा."