काळ्या गोंदणाखालची लाली

रोई नानकडे पट्टी बांधायला गेलात, तर ती आधी जखम बघत नाही. समोर बसवते आणि विचारते, "किती दुखतंय ते सांग. झोप लागते का? चादर लागली तरी कळ येते का?" पोरं वैतागतात. दिवसभर मातीच्या ढिगाऱ्यात हिरवा दगड शोधून आलेली, गुडघाभर चिखलातली पोरं ती. "अना, आधी फोड तरी बघ की!" म्हणतात. अना म्हणजे ताई. पण ताई हलत नाही. "तोंडानं सांग. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही," म्हणते. आधी ती अशी नव्हती. आधी तिचा सगळा भरवसा डोळ्यांवरच होता.

ती फाकांतच्या जेडच्या खाणीत आली नवऱ्याच्या मागून. ला सेंग दगड शोधायला आला होता, वर्षभरात चार नंबर टोचायला लागला. इथं हेरॉइनला कुणी हेरॉइन म्हणत नाही, चार नंबर म्हणतात. चर्चमध्ये कळलं तर लोक काय म्हणतील, म्हणून रोईनं तोंड शिवून घेतलं. त्याच्या जांघेत गळू झालं, तेही दोघांनी झाकलं. शेजाऱ्यानं ते दाढीच्या ब्लेडनं फोडलं, वर कॅप्सूल उघडून पिवळी पावडर भरली. इथली रीतच ती, सगळ्या जखमांवर एकच पिवळी पावडर! नवव्या दिवशी ला सेंग गेला. "त्यानं दुखणं अंगावर काढलं आणि मी ते पदराखाली झाकलं. दोघांनी मिळून केलं ते," असं ती आजही सरळ सांगते.

त्या नऊ दिवसांत त्यांच्या दाराशी एकच माणूस फिरकला, लुंग खाम लेंग. शान जमातीचा म्हातारा. खाणीच्या तोंडाशी त्याची तांदळाच्या शेवयांची टपरी होती. रोज गरम वाडगं घेऊन यायचा, ला सेंगच्या उशाशी बसायचा, रोई दोन घास खाईपर्यंत उठायचा नाही. शेवटी खड्डाही त्यानंच खणला. शान लोक काकाला लुंग म्हणतात. रोईही लुंगच म्हणायची, पण तिच्या लेखी तो बापाच्या जागी होता.

पुढं खाणीजवळ सुया टोचणाऱ्यांसाठी केंद्र निघालं आणि रोई तिथं जखमा धुवायला लागली. शिकली भराभर, आणि तोंडाचा पट्टा तर उपजतच होता. "सुई चाटतोस? मग ढुंगण पुसून तोच हात जेवायला लाव की!" "पाण्याची बाटली कुणाची? डबक्यातलं पाणी शिरेत घालतोस आणि वर ताप का आला म्हणून मलाच विचारतोस?" शिव्या घालता घालता ती प्रत्येकाच्या हातात साबण कोंबायची, नव्या सुया द्यायची, काल टोचलं तिथं आज टोचू नको म्हणून दहादा बजावायची. गळू दाबायचं नाही, ब्लेड लावायचं नाही, हे तर ओरडूनच सांगायची. कुणाची कातडी लाल दिसली की त्या लालीच्या कडेनं निळ्या पेनानं रेघ ओढायची आणि तारीख घालायची. उद्या लाली रेघेबाहेर आली, तर सरळ हॉस्पिटल. त्या रेघेनं तिनं किती जणांचे हातपाय वाचवले, ते त्यांनाच माहीत.

मार्चमधल्या एका सकाळी लुंग लंगडत आला. तोही टोचायचा. तरुणपणी अफू, म्हातारपणी चार नंबर. कमरेपासून गुडघ्यापर्यंत त्याचं अंग काळ्या गोंदणानं भरलेलं होतं, जुने शान पुरुष गोंदवून घेत तसं, मंत्र म्हणत टोचलेलं. त्या कातडीला पोलाद भेदत नाही, साप चावत नाही, अशी त्याची श्रद्धा. हाताच्या शिरा संपल्या तेव्हा त्यानं तीच मांडी निवडली. मंत्राची कातडी, तिला काय होतंय!

रोईनं लुंगी वर करून पाहिलं. मांडी थोडी फुगलेली, थोडी कोमट. ताप बघितला, नव्हता.

"दिसतं तेवढंच नाही गं पोरी," लुंग म्हणाला. "आतून कुणीतरी सुरीनं सोलतंय. लुंगी लागली तरी जीव जातो."

"घ्या! पोलाद शिवत नाही म्हणे, आणि एवढ्याशा सुईला रडतोय म्हातारा!" रोई म्हणाली.

रांगेतली पोरं खदखदून हसली. लुंगही हसला, पण बाकाची कड त्यानं घट्ट धरली होती. ते तिनं पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं.

मग तिनं पेन काढलं. पण रेघ ओढायची कशाभोवती? काळ्या शाईत लाली दिसेना, आणि काळ्यावर निळी रेघही उमटेना. दोनदा गिरवली. शेवटी बोटानं चाचपून, अंदाजानं ओढली. तिच्या मनात आलं, हा हॉस्पिटलला गेलेला बरा. तसं ती बोललीही. लुंगचा चेहरा उतरला.

"आज नको. सात दिवसांनी नातवाचा पोय सांग लोंग आहे. पोरगं तीन दिवस राजपुत्रासारखं नटणार, मग मठात जाणार. त्याचे पाय जमिनीला लागू द्यायचे नसतात. मी खांद्यावर घेईन म्हणून सांगितलंय त्याला. एकदा हॉस्पिटलात टाकलं की ते मला सोडतील का?"

"आणि पाय सडला तर कुठल्या खांद्यावर घेशील?"

"तू आहेस की. तू असताना मला काय भीती?"

असं कुणी म्हटलं की माणूस फुलतो. रोईही फुलली. तिनं गोळ्या दिल्या आणि म्हणाली, "उद्या सकाळी सातला ये. नाही आलास तर टपरीवर येऊन तुझी किटली उलथवीन." त्यानं त्या दिवशी पहाटेच दुकानातून दुखण्यावरच्या रंगीबेरंगी गोळ्यांची पुडी घेतली होती, त्या गोळ्यांनीच ताप दाबून ठेवला होता. ते तो बोलला नाही. ते तिनंही विचारलं नाही. दुसऱ्या कुणालाही विचारलं असतं, घरच्या माणसाला विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सात वाजले, आठ वाजले. समोर रांग होती, ताप आलेली पोरं होती. रोईचं लक्ष दाराकडे आणि हात जखमांवर. अकराला तिनं हातमोजे भिरकावले आणि टपरी गाठली. चूल थंड होती. मागच्या खोपटात लुंग पडला होता, डोळे खोल गेलेले, शब्द जड.

"आलीस? अगं, आता दुखायचं थांबलं. बरं झालं बहुतेक."

रोईनं पांघरूण काढलं. गोंदणावर काळसर पाण्याचे फोड आले होते. कातडी ताणून चकाकत होती. बोट लावलं तर आत चरचरलं, सुकलेल्या भाताच्या पेंढीसारखं. बधिर झाला म्हणून पाय दुखत नव्हता. आतलं मांस मरत होतं. दिसतं कमी आणि दुखतं फार, हीच त्या आजाराची पहिली खूण, हे तिला शिकवलेलं होतं. काल लुंगनं ती खूण स्वतःच्या तोंडानं सांगितली होती, आणि तिनं त्याची चेष्टा केली होती.

ट्रक मिळवून हॉस्पिटल गाठायला सात तास लागले. वाटभर त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. डॉक्टर तरुण होता, शांतपणे बोलला. पाय कमरेजवळून कापावा लागेल, तरीही सांगता येत नाही, म्हणाला. लुंगनं रोईकडे पाहिलं. "तू म्हणशील तसं," म्हणाला आणि अंगठा पुढं केला. त्याच्या हातात जोर नव्हता, म्हणून तिनंच तो शाईवर धरला, कागदावर टेकवला.

"पहिल्या दिवशी यांना कुणी तपासलं होतं?" डॉक्टरनं विचारलं.

"मी," रोई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी लुंग गेला. ऑपरेशननंतर शुद्धीवर आलाच नाही.

त्याची मुलगी नांग मोन दोन बस बदलून पोचली, तोवर दहन उरकलं होतं. रडून रडून सुजलेले डोळे, पण बाई रीतीची पक्की. रोई समोर येताच तिनं गुडघे टेकले, हात जोडले आणि कपाळ जमिनीला लावलं. भिक्षूंना आणि आईबापांना करतात तो नमस्कार.

"उठा," रोई म्हणाली. "मला नका करू."

"कसं नको? शेवटपर्यंत तुम्हीच होता ना त्यांच्याजवळ."

रोईला गप्प बसता आलं असतं. कुणाला कळणार होतं? पण एकदा गप्प बसून तिनं नवरा घालवला होता. ती नांग मोनसमोर खाली बसली आणि सगळं बोलली. तो दुखतंय म्हणत होता ते, आपण हसलो ते, लाली दिसली नव्हती ते, आणि त्याच दिवशी पाठवलं असतं तर कदाचित जगला असता तेही.

नांग मोननं जोडलेले हात खाली घेतले. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. रोईला वाटत होतं, हिनं एक थोबाडीत तरी मारावी.

"हे मला कशाला सांगितलंत?" नांग मोन म्हणाली. "तुम्ही त्यांना तपासलंत, त्याच रात्री त्यांचा फोन आला होता. पाय फार दुखतोय म्हणाले. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जा. तर म्हणाले, रोईनं बघितलंय, काळजी करू नको. म्हणून मी फोन ठेवला आणि झोपले."