अर्ध्या फेऱ्याचे सर

डिंडोलीच्या आमच्या शिकवणीत गणिताचे सर खडू रुमालात धरून लिहीत. इस्त्रीच्या शर्टाला धूळ लागू नये म्हणून. डोक्यात काही शिरू नये याचीही त्यांनी तेवढीच काळजी घेतली होती. प्रत्येक वाक्याशेवटी गुजरातीत "बराबर ने?" विचारत, पण उत्तराला थांबत नसत.

मोठ्या कोनाचा कॉस काढताना तीनशेसाठचे पूर्ण फेरे वजा करायचे असतात. हे एकशेऐंशी वजा करत. टॅनला ते चालतं, म्हणून यांच्या राज्यात सगळ्यांनाच चालायचं. त्यानं कॉसचं चिन्ह उलटू शकतं, याचा यांना पत्ताच नाही.

एकदा नऊशेतीस अंशांचा कॉस काढायचा होता. यांनी पाच वेळा एकशेऐंशी वजा करून फळ्यावर कॉस तीस लिहिलं. दुसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, तीनशेसाठ दोनदा वजा केले की दोनशेदहा उरतात. उत्तर मायनस येतं."

"तुझा बाप पांडेसऱ्यात कापड रंगवतो ना? मग तू इथं गणित नको रंगवू. बराबर ने?"

वर्ग हसला. मी पुढचा फिजिक्सचा तास घ्यायला दारात उभा होतो. तिनं दारापाशी येऊन वही माझ्यापुढे धरली. "सर, तुम्ही बघा ना."

तिचं उत्तर बरोबर होतं. पण माझी नोकरी नवी होती आणि शिकवणी त्यांच्या मेहुण्याची. मी म्हणालो, "सर सांगतात तसं लिही."

तिनं माझ्यासमोर मायनसचं चिन्ह खोडलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्यांना ते गणित येत नव्हतं. मला येत होतं.