दोन वर्षांनी थोरला

निवृत्तीचं पत्र शिपायानं टेबलावर ठेवलं आणि त्यावरच चहाचा कप टेकवला. या महिनाअखेरीस वयाची साठ वर्षं पूर्ण होत असल्याने, वगैरे वगैरे. प्राध्यापकानं वाचलं आणि दातओठ खात म्हटलं, "वाटोळं केलं त्या हेडमास्तरानं माझं."

शिपायाला हे नवीन नव्हतं. अख्ख्या भूगर्भशास्त्र विभागाला ती कहाणी पाठ होती. शाळेत असताना हेडमास्तरांनी रजिस्टरात जन्मसाल चुकवलं, दोन वर्षं मागं नेलं, आणि अठ्ठावन्न वर्षांचा माणूस कागदावर साठीचा झाला. हेडमास्तर मरून जमाना लोटला होता, पण प्राध्यापक त्यांना धड मरू देत नव्हता.

आत्ता तर शिव्या घालायला सबळ कारण होतं. विभागप्रमुख आणखी तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते. त्या खुर्चीकडं प्राध्यापक एकोणीस वर्षं डोळे लावून बसला होता. खरं वय धरलं तर प्रमुख त्याच्यापेक्षा पावणेदोन वर्षांनी मोठे, पण कागदावर हा थोरला, म्हणून हाच आधी घरी. आणि खुर्ची जाणार कुणाला? तर ज्याला पोरं पाठीमागं 'लोणी' म्हणत, त्या धाकट्या सहकाऱ्याला.

लोणी आलाच डबा घेऊन. "सर, कमाल आहे हं! कोट्यवधी वर्षांच्या दगडाचं वय तुम्ही हातात धरून सांगता, आणि स्वतःचं पटवून देता येईना?"

"दगडाला कुणी शाळेत घातलं नव्हतं," प्राध्यापक म्हणाला.

घरी बायकोनं वेगळाच सूर लावला. "अहो, नुसती बोटं मोडत काय बसता? शाळेत जा, रजिस्टर बघा. मास्तरांची चूक निघाली तर ऑफिसला तारीख सुधारावीच लागेल ना!"

तिचं शंभर टक्के बरोबर होतं. म्हणूनच तर तो इतकी वर्षं गेला नव्हता.

पण खुर्ची वाईट. तो गेला. तीन तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली आणि शाळेच्या ऑफिसात जाऊन उभा राहिला. कारकुनानं आधी पाहुण्यांच्या वहीत नाव लिहायला लावलं, मग स्टुलावर चढून माळ्यावरून रजिस्टर काढलं. धुळीनं दोघंही शिंकले.

"हे बघा," कारकुनानं बोट ठेवलं. खरी तारीख तांबड्या शाईनं खोडलेली, वर दुसरी लिहिलेली.

प्राध्यापकाचा जीव सुपाएवढा झाला. "बघा! शुद्ध खाडाखोड!"

"थांबा साहेब. मागं काहीतरी टाचलंय."

गंजक्या टाचणीनं अडकवलेला अर्ज निघाला. अक्षर गोल, टपोरं, मोत्यासारखं. प्राध्यापकानं ते लांबूनच ओळखलं. अर्ज होता, हे तो कधीच विसरला नव्हता. एवढी वर्षं कागद राहिला नसेल, या भरवशावर आला होता.

तेराव्या वर्षी तो दहावीत पोचला होता, कारण दोनदा वरच्या वर्गात चढवलं होतं. पंधरा पुरी असल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नाही, असं कळल्यावर त्यानं शिंपीकाम करणाऱ्या वडिलांच्या मागं टुमणं लावलं. साल बदलून मागा. वडिलांनी दोऱ्याचं टोक ओठात धरून सांगितलं, "थांब की दोन वर्षं. काय आभाळ कोसळतंय? मोठ्या मापाचं घातलं की अंगावर लोंबतं, बाळा." बाळानं दोन दिवस अन्न सोडून बघितलं. वडील बधले नाहीत. मग बाळानं अर्ज लिहिला, आणि खाली वडिलांची सही स्वतःच ठोकली.

समासात हेडमास्तरांनी लिहिलं होतं: 'मुलगा वयानं लहान आहे. घाई करू नये असं माझं स्पष्ट मत. वडिलांची सही असल्यानं नाइलाज.'

पुढं वडिलांना सुगावा लागला, तेव्हा त्यानं हेडमास्तरांवर ढकललं. हेडमास्तर पँट उसवून घ्यायला दुकानात आले, तेव्हा वडिलांनी ती त्यांच्या अंगावर परत फेकली. "आमच्या पोराचं वय उसवलंत, आता तुमची शिवण दुसरीकडं बघा." मशीनमागं बसलेल्या पोराकडं हेडमास्तरांनी एकदा नजर टाकली, पँट उचलली आणि निघून गेले. एका शब्दानं बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. एखादी थोबाडीत ठेवून दिली असती तर बरं, असं त्याला कितीतरी वर्षं वाटत राहिलं. त्या गप्प बसण्याचाच त्याला खरा राग होता.

"अक्षर तुमचंच की," कारकून म्हणाला. "आत्ताच वहीत बघितलं. आता कसं आहे, स्वतः मागून घेतलेली तारीख परत फिरत नाही. शाळेची चूक असेल, तरच फिरते." मग त्यानं आवाज खाली आणला. "पण वाळवी काय कागद विचारून खाते, साहेब? हा चिठोरा नसला, तर राहते नुसती खाडाखोड. ती करणारा माणूस केव्हाच वर गेला. त्याला कोण विचारायला जातंय? मी जरा चहाचं सांगून येतो."

कारकून गेला. प्राध्यापकानं टाचणी काढली, अर्जाची घडी घातली, खिशात टाकली. खुर्ची डोळ्यांपुढं दिसली, पाठीला गादी असलेली, चाकं कुरकुरणारी. तेवढ्यात ध्यानात आलं, की हा कारकून आज चहा पाजतोय, उद्या भाच्याच्या ॲडमिशनसाठी दारात उभा राहील आणि परवा नुसतं हसेल. शिवाय समासातल्या त्या तीन ओळी खिशातूनही वाचता येत होत्या. त्यानं अर्ज बाहेर काढला, टाचणी जुन्याच भोकांतून घातली. याला चांगुलपणा म्हणावा, तर तसंही नव्हतं. धड लबाडी करायचीही त्याच्यात धमक उरली नव्हती, एवढंच.

कारकुनानं परत येऊन रजिस्टर चाळलं. "ठेवलात होय?"

"आहे तिथं राहू दे."

"तुमची मर्जी. मी आपलं मदत म्हणून बोललो." चहा काही आला नाही.

तो घरी पोचला तेव्हा बायको दारातच होती. "निघाली का मास्तरांची चूक?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं त्यानं. ते एवढंच म्हणालं, "निघाली. पण पुरावा काही राहिला नाही."

"मेल्यानं तुमचं आयुष्य नासवलं हो! नरकातसुद्धा जागा मिळू नये त्याला."

"जाऊ दे," प्राध्यापक चपला काढत म्हणाला. "गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत."

बायकोचे डोळे भरून आले. "काय बाई मोठं मन तुमचं!"

त्यानं तेही ऐकून घेतलं.