मार्करची सर्व्हिस

ज्याने मला वर्षभर जिंकू दिलं, त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. जोडीदार नसलेल्या मेंबरांशी टेनिस खेळायला आमच्या म्हैसूरच्या क्लबाने त्याला ठेवलं होतं. सगळे त्याला मार्कर म्हणत. पन्नाशीचा, अग्रहारातल्या, म्हणजे जुन्या ब्राह्मण वस्तीतल्या, मराठी घरातला.

सर्व्हिसआधी तो चेंडू पँटीला पुसायचा आणि मान खाली घालून माझ्या पायांकडे बघायचा. मला ती अदब वाटायची. चेंडू नेमका माझ्या फोरहँडवर यायचा, मी दणकून परतवायचो. वर त्यालाच शहाणपण शिकवायचो, "जागा बदलून टाकत जा जरा."

एकदा तो म्हणाला, "टाकू काय, सार?"

पहिली बॅकहँडच्या कोपऱ्यात, दुसरी थेट अंगावर. तिसरीला मी जागचा हललोही नाही.

"तुम्ही आधीच उजवीकडं झुकून उभं राहता, सार. पहिल्या दिवशीच दिसलं मला."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"हरलेला मेंबर परत येत नाही, सार. मग मला कोण ठेवणार?"

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम ताठ, मधोमध उभा राहिलो. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं आणि चेंडू हातात धरून तो नुसता थांबला. शेवटी मीच निमूट उजवीकडे झुकलो. चेंडू अलगद फोरहँडवर आला.

"भारी मारलात, सार," तो म्हणाला.

आणि लाज याची वाटते, की मला बरं वाटलं.