खंडेनवमीला उघडलेलं चाक

आमच्या ह्यांना सोलापुरातल्या एकाही गॅरेजवाल्याचा भरवसा नाही. नवा पार्ट दाखवतात आणि जुनाच पुसून बसवतात, हे त्यांचं ठाम मत. मला गॅरेजवाल्यांचं काही माहीत नाही, पण ह्यांच्या हातातल्या पान्याचा भरवसा मला लग्नापासून नाही. मिक्सर दुरुस्त करून दिला की पहिल्यांदा मी तो लांबूनच लाकडी चमच्यानं चालू करते.

गेल्या वर्षी गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून खडखड यायला लागली. स्टेअरिंगही सैल लागायचं; मी सरळ धरावं आणि गाडीनं मनाला येईल तिकडं जावं. ह्यांनी निदान केलं, टायरॉडचा सांधा झिजलाय. स्टेअरिंग फिरवलं की चाकाला वळवणारा दांडा असतो, त्याच्या टोकाचा. "घरीच बदलतो," म्हणाले. दसऱ्याला तर सासूबाईंना त्यांच्या बहिणीकडं मंगळवेढ्याला सोनं द्यायला न्यायचं होतं, आणि गाडी मी चालवणार होते.

पार्ट आणला तोही संशयानंच. डब्याचं सील नखानं खरवडून पाहिलं, रबराचा वास घेतला. मग खंडेनवमीला सकाळी दारात गाडी उचलून, चाक काढून बसले. जुना सांधा हातोडीचे घाव घालून सोडवला, नवा बसवला, आणि नट बोटांनी फिरवत आणला. एवढ्यात सासूबाई पूजेचं ताट घेऊन बाहेर आल्या.

"पानं आन इकडं. आज हत्यारं पुजायची असत्यात."

"आई, नुसता नट आवळायचा राहिलाय."

"ऱ्हाऊ दे. आन गाडी तीन पायावर हुभी करून पुजायची व्हय रं? चाक बसव आदी."

ह्यांनी मुकाट चाक बसवलं, जॅक उतरवला, आणि पाने, हातोडी सगळं पाटावर नेऊन ठेवलं. मी विचारलं, "आणि नट?"

"अगं, हातानं लावलाय. उद्या चाक काढून पान्यानं आवळतो. आज पुजलेलं हत्यार उचलायचं नसतं, माहितीय ना?"

माहीत होतं. म्हणून तर अर्धी रात्र झोप लागली नाही.

दसऱ्याला सकाळी गडबड उडाली. गाडीला झेंडूचा हार, बोनेटवर हळदीचं स्वस्तिक, सासूबाई इरकल नेसून दारात तयार, पिशवीत आपट्याची पानं. मी किल्ली घेतली आणि ह्यांना विचारलं, "आवळलात ना?"

"आवळला की! तुम्ही उठायच्या आधीच."

फार पटकन आलं हो ते उत्तर. माणूस खरं बोलताना जरा आठवून बघतो, ह्यांनी तेवढाही वेळ घेतला नाही. मी म्हटलं, "नक्की?"

"सूनबाई," सासूबाई मध्येच म्हणाल्या, "सणासुदीचं नवऱ्यावर येवडा संशय बरा न्हाय. केलंय म्हणतोय की त्यो."

मी गप्प बसले, पण गाडीत बसले नाही. पाण्याची बाटली विसरले असं सांगून आत गेले आणि थेट पाटासमोर उभी राहिले. पाने काल मांडले तसेच ओळीनं होते. मोठ्या पान्यावर हळदीकुंकवाची बोटं सुकली होती, अक्षता तशाच चिकटलेल्या, वर झेंडूचं फूल. चाकाचा पानाही तसाच. कुणी उचलला असता तर एक तरी अक्षता पडली असती की नाही?

डोकंच फिरलं माझं. पाट तसाच्या तसा उचलला आणि दारात आणून ह्यांच्या पुढ्यात ठेवला. "कशानं आवळलात? दातानं?"

ते पाटाकडं बघत राहिले. मग नव्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या, गाडी उचलली, चाक काढलं. मी वाकून दोन बोटांनी नट धरला. गोल गोल फिरला मेला.

"विसरलो," ते म्हणाले. "मागाशी विचारलंस तेव्हाच आठवलं. वाटलं, तिथवर जाईल. आल्यावर आवळू."

विसरण्याचा राग मला आला नसता. घरोघरी मातीच्या चुली, मीही गॅस चालू विसरते. पण आठवल्यावरसुद्धा 'आवळला' म्हणाले! ऐंशीच्या वेगानं जाणाऱ्या गाडीत आम्हाला बसवायला निघाले, कशासाठी, तर सणाच्या दिवशी बायकोपुढं खाली बघायला नको म्हणून. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ह्यांनी पाना लावला, सगळा जोर घालून नट आवळला, घाम पुसला आणि म्हणाले, "झालं, आई. आता पक्का बसला. चाक लावतो, बसा तुम्ही."

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. पिशवी छातीशी धरून लेकाकडं बघत होत्या.

"मी बी बसणार हुते की रं ह्यात," म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "तू बघ गं हात लावून. तू म्हणलीस तर बसते."

मला खरं तर जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण ह्यांचं तोंड बघून तसं वाटेना. त्यांनी मान खाली घालून पाना माझ्यापुढं धरला. मी पदर खोचला आणि चाकाशी खाली बसले.